मालिकेत इमारतीला आग लावण्यापूर्वी: नव्या पटकथालेखकांसाठी मार्गदर्शक

रुग्णालयावर आधारलेली मालिका लिहिणाऱ्याच्या वाट्याला कधी ना कधी आगीचा ट्रॅक येतोच. चॅनेलला महाएपिसोड हवा असतो, आणि इमारतीला आग लागली की एकाच रात्रीत पंधरा पेशंट, ताटातूट झालेली दोन कुटुंबे आणि एक कबुलीजबाब हे सगळे एका छताखाली आणता येते. मी पहिल्यांदा असा ट्रॅक लिहिला, तेव्हा चार भागांची पटकथा एका बर्न्स सर्जनना वाचायला दिली होती. आठवड्याने ती परत आली तेव्हा समासात लाल शाईने एकच प्रश्न अकरा ठिकाणी लिहिलेला होता: ‘किती वाजता?’

त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला पुढचे दोन महिने लागले. आगीत सापडलेल्या माणसाचे शरीर एका ठरावीक वेळापत्रकाने बिघडत जाते. पहिल्या तासाला जे दिसते ते सहाव्या तासाला दिसत नाही, आणि तिसऱ्या दिवशीचे संकट पहिल्या रात्री येऊ शकत नाही. आपण मात्र सगळे काही प्रीकॅपच्या (भागाच्या शेवटी दाखवायच्या पुढच्या भागाच्या झलकेच्या) सोयीने घडवतो. खाली दिलेला क्रम त्या वेळापत्रकाचा आहे. हा लेख पटकथेपुरता आहे. प्रत्यक्ष कोणी भाजले, तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावे, बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप यांतले काहीही लावू नये आणि दवाखाना गाठावा.

लिहायला बसण्यापूर्वी हाताशी काय असावे

लुंड-ब्राउडर तक्त्याची छापील प्रत (भाजलेला भाग रंगवून टक्केवारी काढायची मानवी आकृती), अतिदक्षता विभागातील नर्सिंग चार्टचा कोरा नमुना, धमनीतील रक्तवायू तपासणीचा म्हणजे एबीजीचा एखादा नाव खोडलेला अहवाल, शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राचा मराठी नमुना, आणि एक साधी वही, जिच्यात प्रत्येक पेशंटला एक पान द्यायचे. याशिवाय एक डॉक्टर आणि एक सिस्टर. डॉक्टर चूक दुरुस्त करतात. वॉर्डात माणसे कशी बोलतात, मामा आणि मावशी कोणती कामे करतात, हे सिस्टरच सांगतात. केवळ डॉक्टरांवर विसंबून लिहिलेले प्रसंग बरोबर असतात, पण निर्जीव वाटतात.

१. आधी आग ठरवा, मग पेशंट

नवा लेखक ‘नायकाची बहीण भाजते’ इथून सुरुवात करतो. त्याऐवजी वहीच्या पहिल्या पानावर पुढील गोष्टी लिहा: आग किती वाजता लागली, काय जळत होते, जागा बंद होती की उघडी, कोण कोणत्या मजल्यावर होते, धुरात किती मिनिटे होते, आणि रुग्णालयाच्या दारात किती वाजता पोचले. पेशंटचे निदान या उत्तरांतूनच निघते.

गच्चीवरच्या मांडवाला लागलेल्या आगीत माणसे भाजतात. बंद खोलीतल्या सोफ्याच्या आगीत माणसे अंगावर फोडही न येता मरू शकतात, कारण फोमच्या गाद्या, नायलॉन, लोकर, रेशीम हे जळताना विषारी वायू सोडतात. इमारतींच्या आगीतले बरेचसे बळी ज्वाळेचे नसून धुराचे असतात. मुंबईत २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जण गेले. आसऱ्यासाठी स्वच्छतागृहात शिरलेले कित्येक जण तिथेच गुदमरले. बॉस्टन शहरातील ‘कोकोनट ग्रोव्ह’ या नाइटक्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी लागलेल्या आगीत ४९२ माणसे मेली, आणि धुराने फुप्फुसांना होणाऱ्या इजेकडे डॉक्टरांचे गंभीर लक्ष वेधले गेले ते त्या घटनेनंतर.

म्हणून पहिला सापळा हा: सर्वांत भयंकर दिसणारा पेशंट सर्वांत गंभीर असेलच असे नाही. मेकअप दादांना अर्थातच हे आवडत नाही.

२. दारातली वाटणी

एकाच वेळी अनेक जखमी आले की त्यांची वर्गवारी होते आणि लाल, पिवळी, हिरवी, काळी अशी पट्टी बांधली जाते. बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी पद्धत सोपी आहे: चालता येते तो हिरवा, श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त असेल, नखावर दाब देऊन सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल किंवा साधी सूचना पाळता येत नसेल, तर लाल, श्वासनलिका मोकळी करूनही श्वास नसेल तर काळा. बाकीचे पिवळे.

आगीच्या बाबतीत ही पट्टी काही वेळाने बदलू शकते, आणि लेखकाला याहून चांगली देणगी नाही. पहिल्या भागात हिरवी पट्टी बांधलेला, स्वतःच्या पायांनी चालत आलेला, दुसऱ्यांना पाणी देणारा माणूस तीन तासांनी लाल होतो. कसा, ते पुढच्या मुद्द्यात आहे.

३. आवाज बसलेला माणूस

संपूर्ण लेखातला हा मुद्दा सर्वांत नीट वाचावा. गरम धूर घशात गेला की वरची श्वासनलिका आतून भाजते आणि हळूहळू सुजू लागते. ही सूज पुढच्या काही तासांत, कधी कधी दिवसभर, वाढत राहते. खुणा लहान असतात: नाकातले केस करपलेले, भुवया जळलेल्या, जिभेवर काजळी, थुंकीत काळेपणा, आणि आवाज बसलेला. श्वास घेताना शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला की वेळ फार थोडा उरलेला असतो.

एका बर्न्स वॉर्डात मी तीन दिवस कोपऱ्यात स्टूल टाकून बसले होते. रात्री एक तरुण आला. हातावर थोडेसे भाजलेले, बाकी ठीक. तो सिस्टरांना आपल्या मोटारसायकलबद्दल विचारत होता. सिस्टरांनी त्याला ‘जरा मोठ्याने बोला बघू’ असे दोनदा म्हटले, बॅटरी लावून तोंडात पाहिले आणि काही न बोलता भूलतज्ज्ञांना फोन केला. मला वाटले होते की त्यांना ऐकू आले नसावे. अर्ध्या तासात त्याच्या घशात नळी होती आणि तो व्हेंटिलेटरवर होता. सकाळी त्याचा चेहरा असा सुजला होता की डोळे उघडत नव्हते. रात्री थांबले असते, तर सकाळी नळी घालायला जागाच उरली नसती.

यातून पटकथेचा एक पक्का नियम निघतो: घशात नळी गेली की पेशंट बोलू शकत नाही. कबुली, निरोप, मुलाचे नाव, खुन्याचे नाव, जे काही वदवायचे असेल ते नळीआधी. डॉक्टर म्हणतात आत्ताच नळी घालायला हवी, पेशंट म्हणतो दोन मिनिटे थांबा, बायको पोचतेय. हा प्रसंग खरा आहे आणि त्याला पार्श्वसंगीताची फारशी गरज पडत नाही.

४. खोटे बोलणारे यंत्र

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोविडनंतर घरोघरी माहीत झाला आहे, त्यामुळे मालिकेत आकडा दाखवण्याचा मोह होतो. आगीच्या पेशंटमध्ये हा आकडा फसवतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोन वायूंमधला फरक कळत नाही. पडद्यावर ९८ दिसत असताना पेशंट गुदमरत असू शकतो. खरे उत्तर रक्ताच्या तपासणीत मिळते, आणि तीही कार्बोक्सीहिमोग्लोबिन (कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन) मोजणाऱ्या यंत्रावर केलेली असावी लागते.

लक्षणे साधी असतात: डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गोंधळल्यासारखे बोलणे. ‘त्वचा चेरीसारखी लाल होते’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य लेखकांना फार आवडते. प्रत्यक्षात तो रंग जिवंत पेशंटमध्ये क्वचित दिसतो. उपचार म्हणजे शंभर टक्के ऑक्सिजन, घट्ट बसणाऱ्या मास्कमधून किंवा नळीतून. साध्या हवेत या वायूचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. गरोदर स्त्री असेल तर पोटातल्या बाळाच्या रक्तातून तो आणखी सावकाश उतरतो, त्यामुळे आई बरी दिसू लागली तरी तिचा ऑक्सिजन लगेच काढत नाहीत. ‘मला बरं वाटतंय, मास्क काढा’ म्हणणारी सून आणि न काढणारी सिस्टर, एवढ्यावर एक प्रसंग उभा राहतो.

याच धुरात सायनाइडही असते. फार भाजलेले नाही, पण शुद्ध नाही, रक्तदाब कोसळतोय आणि रक्तातील लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन वापरता येत नसला की वाढणारे आम्ल) ८-१० च्या वर आहे, असे चित्र असेल तर डॉक्टरांच्या मनात सायनाइड येते. त्यावरचे हायड्रॉक्सोकोबालामिन हे औषध शिरेतून देतात. ते गडद लाल असते आणि दिल्यावर लघवी व त्वचाही लालसर होते. आपल्या मालिकेतल्या रुग्णालयाच्या कपाटात ते तयार असेल असे मात्र गृहीत धरू नका. ते शोधण्याची धावपळ हाच कदाचित अधिक खरा प्रसंग ठरेल.

५. टक्केवारी तोंडाला येईल ती लिहू नका

माझ्या पहिल्या पटकथेत एकाच माणसाचे भाजणे एका प्रसंगात ४० टक्के आणि पुढच्यात ६० टक्के होते. हिशेब असा आहे: प्रौढ माणसाचे डोके व मान ९, प्रत्येक हात ९, छाती-पोट १८, पाठ १८, प्रत्येक पाय १८ आणि जननेंद्रियाचा भाग १. तान्ह्या बाळाचे डोके १८ आणि पाय सुमारे १४ प्रत्येकी, म्हणून मोठ्यांचा हिशेब बाळाला लावणे ही चूकच. विखुरलेल्या जखमांसाठी पेशंटचा स्वतःचा तळहात बोटांसह सुमारे १ टक्का धरतात. नुसती लाल झालेली, फोड न आलेली त्वचा मोजतच नाहीत.

खोलीचेही लिहा. वरवर भाजलेले लाल आणि दुखरे असते. त्याहून खोल भाजले की फोड येतात आणि वेदना असह्य असते. पूर्ण त्वचा जळाली की ती पांढरी किंवा काळपट, चामड्यासारखी होते आणि तिथे वेदना जवळजवळ नसते, कारण नसाच जळालेल्या असतात. सर्वांत खोल भाजलेला पेशंट सर्वांत मोठ्याने ओरडतो, हे केवळ पडद्यावर घडते. खूप भाजलेली माणसे पहिले काही तास शुद्धीवर असतात, नीट बोलतात, पाणी मागतात, ‘मी कधी घरी जाईन’ असे विचारतात. नातेवाइकांना वाटते संकट टळले. वॉर्डातल्या लोकांना तसे वाटत नसते, आणि दोघांच्या चेहऱ्यांतला तो फरक संवादाशिवायही दाखवता येतो.

वय आणि टक्केवारी यांची बेरीज हा धोका मोजण्याचा एक जुना अंदाज आहे, आणि धुराची इजा असेल तर त्यात १७ मिळवतात. त्याच खोलीत, तेवढेच ३० टक्के भाजलेले आजी आणि नातू घ्या: आजी ६८ अधिक ३० अधिक १७ म्हणजे ११५, नातू २४ अधिक ३० अधिक १७ म्हणजे ७१. पूर्वी शंभरी ओलांडली की आशा सोडत असत. आता चांगल्या केंद्रांत ही मर्यादा पुढे सरकली आहे. तरी डॉक्टर या दोघांबद्दल घरच्यांशी वेगवेगळ्या आवाजात का बोलतात, हे या दोन आकड्यांवरून तुम्हाला कळते.

६. सलाईनचे गणित

भाजलेल्या शरीरातून द्रव झिरपून जातो, आणि तो भरून काढणे हे पहिल्या दिवसाचे मुख्य काम. डॅलस येथील पार्कलँड रुग्णालयाच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र असे: ४ मिली गुणिले वजन गुणिले टक्केवारी. ६० किलोचा माणूस, ४० टक्के भाजलेला, म्हणजे २४ तासांत ९६०० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट, सलाईनचाच एक प्रकार). त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत. (अलीकडे कित्येक डॉक्टर २ मिलीपासून सुरुवात करतात; तुमच्या सल्लागारांना विचारून एकच धरा.)

इथे सापळा आहे. आठ तास भाजल्यापासून मोजायचे असतात, दाखल झाल्यापासून नाही. आग ११ वाजून १० मिनिटांनी लागली आणि पेशंट १ वाजून १० मिनिटांनी पोचला, तर ४८०० मिली उरलेल्या सहा तासांतच द्यायचे, म्हणजे ताशी ८००. पाचशेच्या जवळजवळ दहा बाटल्या सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या आत. म्हणून ‘किती वाजता?’ पुरेसे जातेय की नाही हे लघवीवरून ठरते, या पेशंटला ताशी निदान ३० मिली. लघवीची पिशवी पडद्यावर दाखवायला निर्माते नाखूश असतात, पण चार्टवर आकडा लिहिणारी सिस्टर नक्कीच दाखवता येते.

७. दागिने, कपडे, जबाब

सूज येण्याआधी अंगठ्या, पाटल्या, जोडवी काढावीच लागतात, वेळप्रसंगी कापून. मंगळसूत्र कागदात बांधून, नोंद करून, नातेवाइकाच्या सहीने ताब्यात दिले जाते. सिंथेटिक साडी वितळून चिकटली असेल तर ओढत नाहीत, भोवतीने कापतात. चेहरा सुजल्यामुळे ओळख पटत नाही, तेव्हा हीच पुडी कथेत कामाला येते. दोन पेशंटांची अदलाबदल दाखवायची असेल, तर याहून विश्वासार्ह कारण मिळणार नाही. प्लास्टिक सर्जरी होऊन नायिका वेगळ्याच अभिनेत्रीच्या चेहऱ्याने परत येते तो ट्रॅक मात्र, हात जोडून सांगते, आता पुरे.

भाजल्याची प्रत्येक केस एमएलसी (मेडिको-लीगल केस) म्हणून नोंदवली जाते आणि पोलिसांना कळवले जाते. मृत्युपूर्व जबाब सहसा कार्यकारी दंडाधिकारी येऊन घेतात, आणि पेशंट जबाब देण्याच्या मनःस्थितीत आहे असा डॉक्टरांचा शेरा त्यावर लागतो. हा जबाब भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ खाली येतो. जुन्या कायद्यातले कलम ३२ हे १ जुलै २०२४ पूर्वीच्या कथेसाठी ठेवा. जबाब चालू असताना नातेवाइकांना बाहेर थांबवतात. सासू पलंगाच्या कडेला उभी राहून डोळे वटारतेय, हे दृश्य लिहिण्यापूर्वी तिला आत कोणी सोडले तेही लिहावे लागेल.

८. न भाजलेले पेशंट

यांना लेखक विसरतात. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून उडी मारून पायांवर पडलेल्याची टाच मोडते आणि त्याच धक्क्याने कमरेचा मणकाही मोडलेला असू शकतो. टाचेवर उपचार होतात आणि मणका राहून जातो. सिलिंडरच्या स्फोटाजवळ असलेल्याच्या कानाचे पडदे फाटतात, त्यामुळे तो प्रश्नांना उत्तरे देत नाही आणि धक्क्यात आहे असे सगळे समजतात. दम्याचे पेशंट थोड्या धुरानेही अत्यवस्थ होतात.

९. दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या महिन्यापर्यंत

पहिल्या रात्री जंतुसंसर्ग होत नाही. तो काही दिवसांनी येतो. रोजचे ड्रेसिंग हा वॉर्डातला सर्वांत कठीण तास असतो. खोल जखमांवर पेशंटच्याच मांडीची त्वचा काढून लावतात. आईने मुलाला त्वचा दिली आणि ती कायमची जुळली, असा प्रसंग लिहू नका; तसे फक्त एकसारख्या जुळ्यांतच शक्य आहे. इतरांची त्वचा दोन-तीन आठवडे झाकण म्हणून टिकते आणि शरीर ती टाकून देते. पण ते झाकणच जीव वाचवते. त्यासाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान होऊ शकते; मुंबईच्या शीव रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढ्या आहेत. आगीत आजी गेल्या, आणि नातवासाठी त्वचापेढीतून एखाद्या अनोळखी दात्याची त्वचा येते, असे लिहिता येईल.

आणखी एक दुर्लक्षित धागा: कार्बन मोनॉक्साइडमधून बरा होऊन घरी गेलेला माणूस काही दिवसांनी, कधी पाच-सहा आठवड्यांनीही, विसराळू, चिडका, हरवल्यासारखा होऊ शकतो. स्मृतिभ्रंशाचा ट्रॅक हवाच असेल, तर डोक्यावर नारळ पडण्यापेक्षा हे कारण वैद्यकीयदृष्ट्या शुद्ध आहे.

१०. सेटवर

वहीतले प्रत्येक पेशंटचे पान मेकअप आणि कंटिन्युइटी पाहणाऱ्या सहायकाला द्या; जखम कोणत्या हाताला, कितव्या दिवशी कोणत्या रंगाची, हे त्यावर असावे. हृदयाची रेषा सपाट झाल्यावर शॉक देत नाहीत. छाती दाबतात आणि ॲड्रेनॅलिन देतात. अमेरिकी मालिकांत छाती दाबून तात्पुरते वाचलेल्यांचे प्रमाण ७५ टक्के भरले, असे १९९६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले होते, आणि प्रत्यक्षातले प्रमाण त्याच्या जवळपासही नसते; तेव्हा एकाला तरी मरू द्या. भाजलेल्यांना थंडी वाजते, म्हणून वॉर्ड उबदार ठेवतात. अंगावरच्या चादरीला चौकटीने उचलून धरतात. आणि मान भाजली असेल तर उशी काढून टाका. मान पुढे झुकून आखडू नये म्हणून डोके मागे ठेवतात. माझ्या पाचव्या भागात नायिकेच्या डोक्याखाली दोन गुबगुबीत उशा होत्या. बर्न्स वॉर्डातल्या त्या सिस्टरांनी दुसऱ्या दिवशी फोन करून एवढेच विचारले, ‘बाई, उशा कोणी ठेवल्या?’